शटरवरची खालमानेची मुलगी

सोमवारी संध्याकाळी ती आईबरोबर भाजी आणायला निघाली आणि नाक्यावर खिळल्यासारखी उभी राहिली, कारण समोर इस्त्रीवाल्याच्या बंद शटरवर ती स्वतःच होती. सात फूट उंच आणि सहा फूट रुंद, अगदी शर्टाच्या कॉलरसकट. एखादी मुलगी हरखून गेली असती. हिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती पुढचे सात आठवडे खाली उतरली नाही, हे आताच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर ही बाई सारखी का भडकलेली असते असं वाचणारा मध्येच विचारत बसायचा.

चिडण्याचं कारण चेहरा नव्हतं. नाक बरोबर होतं, हनुवटी बरोबर होती, कानामागे खोचलेली बटसुद्धा बरोबर होती. घोटाळा डोळ्यांचा होता. चित्रातल्या मुलीनं डोळे खाली घातले होते. मान किंचित झुकलेली, ओठांवर जेमतेम हसू. जणू तिला कुणी पुढच्या रांगेत बसायला बोलावलंय आणि ती म्हणतेय, नको, मी आपली मागेच बरी.

आता, या मुलीला सगळी बिल्डिंग फौजदार म्हणायची. हे नाव तिला पाचव्या वर्षी मिळालं. जिन्यात केळ्याचं साल टाकणाऱ्या एका सुटाबुटातल्या पाहुण्याला तिनं परत वर बोलावलं होतं आणि ते त्याच्याकडून उचलून घेतलं होतं. ती नुसती बघायची. तिनं बघितलं की माणसं आपोआप आपल्या शर्टाची बटणं चाचपायची. सत्तावीस वर्षांत तिनं डोळे खाली घातलेले कुणी पाहिले नव्हते.

“किती गोड मुलगी काढलीय बघ,” आई म्हणाली.

फौजदारनं आईकडे बघितलं. आई चित्राकडे बघत होती.

“कशी शांत आहे. चेहऱ्यावरनंच कळतं, चांगल्या वळणाची आहे. नाहीतर तू.” एवढं बोलून आई पिशवी सावरत पुढे निघाली. नऊ महिने पोटात वाढवलेल्या, सत्तावीस वर्षं डोळ्यांसमोर असलेल्या पोरीला आईनं ओळखलं नाही, आणि वर ती पोर तिलाच उदाहरण म्हणून दाखवली. भाजीवाल्याकडे त्या दिवशी फौजदारनं वांग्यांवरून जे भांडण काढलं, त्यात वांग्यांचा काही दोष नव्हता.

चित्राच्या कोपऱ्यात तीन पायांचं एक छोटंसं स्टूल काढलेलं होतं. शहरातल्या भिंतींवर, पुलांखाली, पाण्याच्या टाक्यांवर हे स्टूल सगळ्यांनी पाहिलं होतं. वर्तमानपत्रांनी ‘स्टूलवाला’ म्हणून त्याच्यावर तीनदा लिहिलं होतं. तो कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. फौजदारला ठाऊक होतं. दोन वर्षं ती त्याच्या प्रेमात होती.

स्टूल ही त्याची सही असली तरी तिच्यामागे काही गूढ नव्हतं. तो बुटका होता आणि त्याचा हात पोचायचा नाही, म्हणून स्टूल. चित्रं तो भर दुपारी काढायचा, अंगात नारिंगी जाकीट घालून. नारिंगी जाकीट घातलेल्या माणसाला या जगात कुणी काही विचारत नाही. तो भिंत रंगवतो की पाडतो, याच्याशी येणाऱ्याजाणाऱ्याला घेणंदेणं नसतं. पोटासाठी तो साधं रंगकाम करायचा. फौजदार ज्या गॅलरीत कामाला होती, तिथल्या भिंती दर प्रदर्शनाआधी पांढऱ्या करायला ठेकेदार त्यालाच पाठवायचा. जुनी चित्रं उतरली की फौजदार खिळ्यांची भोकं पुट्टी भरून बुजवायची आणि तिच्यामागून तो रोलर फिरवत यायचा. असं भोकं बुजवता बुजवता जुळलं होतं.

त्या मंगळवारीही दोघं तेच करत होते.

“आवडलं?” त्यानं रोलर फिरवता फिरवता विचारलं. त्याच्या पाठीलासुद्धा हसू आलेलं दिसत होतं.

“ती कोण आहे?”

“म्हणजे काय? तूच.”

“मी अशी कधी बघते?”

“अगं, ती माझ्या मनातली तू आहेस.”

“मग मनातच ठेवायची होतीस. इस्त्रीवाल्याच्या शटरवर कशाला आणलीस? आणि आणण्याआधी मला विचारलंस?”

“विचारलं असतं तर सरप्राइज कसं राहिलं असतं? चिडलीस ना की तू इतकी...”

“हे वाक्य पुरं केलंस तर तोच रोलर तुझ्या तोंडावरून फिरवीन.”

त्यानं वाक्य पुरं केलं नाही. येत्या सोमवारी, म्हणजे दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, चित्र पुसून टाकतो असं त्यानं कबूल केलं. प्रकरण इथं संपायला हवं होतं. एक डबा रंग, एक रोलर, अर्ध्या तासाचं काम.

पण सोमवार यायला सहा दिवस लागतात, आणि सहा दिवसांत माणसं काय वाटेल ते करतात. दुकान बंद झालं की लोक शटरसमोर उभं राहून फोटो काढायला लागले. समोरच्या काकूंनी आपल्या सुनेला मुद्दाम नेऊन चित्र दाखवलं. तळमजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क काका म्हणाले, “अशी चेहरेपट्टी आता राहिली नाही,” आणि हे ते फौजदारच्या तोंडावर, तिच्या चेहरेपट्टीपासून दोन फुटांवर उभं राहून म्हणाले. सोमवारी स्टूलवाला पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन गेला. तिथं नऊ माणसं उभी होती आणि एक आजोबा हळूच डोळे पुसत होते. तो तसाच परत आला.

“माझा हातच उठेना गं,” तो म्हणाला.

“काढताना बरा उठला होता.”

आणि त्याच आठवड्यात शटर मॅडमनी पाहिलं.

मॅडम म्हणजे गॅलरीच्या मालकीणबाई. चित्र चांगलं आहे की वाईट, हे त्यांनी आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं. ‘यात एक मौन आहे,’ असं त्या म्हणाल्या की चित्र घ्यायचं, आणि ‘हे जरा बोलतंय,’ म्हणाल्या की परत पाठवायचं, एवढं फौजदारला चार वर्षांत कळलं होतं. मॅडमनी मोबाइलवरचा फोटो तिच्यासमोर धरला. फोटो आणि तिचा चेहरा यांच्यात वीतभर अंतर होतं, आणि मॅडमचे दोन्ही डोळे धडधाकट होते.

“केवढं मौन आहे बघ. कशी वाटते तुला ही मुलगी?”

“भडकलेली.”

“छे, छे. तुला कळलं नाही ते. असो. हे चित्र मला हवंय. शटरसकट. ते तू बघ.”

चार वर्षं या बाईसाठी तिनं चित्रं भिंग लावून तपासली होती, कुठं ओरखडा, कुठं डाग, कुठं रंगाला तडा, सगळं लिहून ठेवलं होतं. पाणसळ लावून चित्रं टांगली होती. पण मॅडमनी तिच्या चेहऱ्याकडे कधी बघितलंच नव्हतं. त्याच क्षणी राजीनामा तोंडावर फेकावा असं तिला वाटलं. मग तिला दुसरं काही सुचलं. गॅलरीत आलेल्या प्रत्येक व्यक्तिचित्राखाली पाटी लागते, आणि पाटीवर कलावंताच्या खाली चित्रातल्या व्यक्तीचं नाव असतं. पुसलं जात नाही, तर निदान नाव लागू दे. ही मान खाली घालणारी कोण म्हणून मिरवतेय ते सगळ्यांना कळू दे, आईला कळू दे, आणि त्या बुटक्याला चार लोकांत सांगावं लागू दे, की मी हिला अशी काढली आणि ही अशी नाही.

तेव्हा ती कामाला लागली. आधी इस्त्रीवाला.

इस्त्रीवाला हा अतिशय सरळ माणूस. बदल्यात मिळणारं नवं शटर जुन्यासारखंच एका हिसक्यात वर जायला हवं, एवढीच त्याची अट होती. बोलणं आटोपल्यावर तो घुटमळला.

“ताई, मला पहिल्या दिवशीच कळलं होतं.”

“काय?”

“कॉलर. डावीकडे चुरगळलीय ना, ती चार वर्षं मीच सरळ करतोय.”

तिला भरून आलं. जगात एक तरी माणूस निघाला. “मग बोलला का नाहीत?”

“चेहरा तुमचा नव्हता ना. म्हटलं, ताईंनी शर्ट कुणाला तरी दिला असेल.”

यानंतर नगरपालिका. पहिल्या खिडकीवर कळलं की शटर काढणं म्हणजे दर्शनी भागात बदल, त्याला परवानगी लागते. दुसऱ्या खिडकीवर कळलं की शटरवरचं चित्र बेकायदेशीर आहे आणि बेकायदेशीर चित्र असलेली वस्तू जागची हलवता येत नाही, म्हणून आधी चित्र पुसा.

“पुसलं तर हलवायचं कशाला?” तिनं विचारलं.

“तो तुमचा प्रश्न आहे,” खिडकी म्हणाली.

तिसऱ्या खिडकीत एक वाळका, सज्जन दिसणारा कारकून होता. त्यानं चष्मा पुसला, जाडजूड नियमावली उघडली आणि बोट फिरवत फिरवत एका ओळीवर थांबला. चित्र कला म्हणून जतन करायचं असेल तर चालेल, फक्त चित्रातल्या व्यक्तीचा ना-हरकत दाखला जोडा. एखाद्या बाईचा चेहरा असा उचलून कसा नेता येईल? तिची संमती नको?

फौजदारला वाटलं, काचेतून हात घालून या माणसाच्या पाया पडावं. प्रियकरानं विचारलं नव्हतं, मालकिणीनं विचारलं नव्हतं, गल्लीनं विचारलं नव्हतं. विचारलं ते तिसऱ्या खिडकीनं.

“ती मीच आहे,” ती म्हणाली.

कारकुनानं तिचं ओळखपत्र घेतलं. ओळखपत्र बघितलं, चित्राचा फोटो बघितला, तिला बघितलं, आणि नकळत स्वतःच्या शर्टाचं वरचं बटण चाचपलं.

“डोळे जुळत नाहीत, बाई.”

“तो काढणाऱ्याचा दोष आहे.”

“असेल. मला साम्य लागतं. जरा खाली बघून दाखवता?”

तिनं खाली बघितलं. खाली बघताना तिच्या कपाळावर दोन उभ्या आठ्या पडल्या आणि नाकपुड्या फुलल्या. कारकुनानं तिला तीन वेळा संधी दिली, शेवटी तर त्यानं स्वतः मान झुकवून नमुनाही दाखवला. मग त्यानं खेदानं अर्जावर लिहिलं, ‘साम्य आढळले नाही. अमान्य.’

ही बातमी बिल्डिंगमध्ये पसरायला जिना चढण्याइतकाच वेळ लागला. चित्रातली मुलगी आपण आहोत असं फौजदार म्हणते, एवढंच लोकांनी ऐकलं आणि सगळ्यांना तिची फार दया आली. हेडक्लार्क काकांनी प्रतिज्ञापत्र करायला सांगितलं, आणि करण्याआधी पुन्हा एकदा विचार करायलाही सांगितलं. काकूंनी तिला बाजूला घेतलं. “सवयीनं जमतं गं. आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघायचं आणि मनात शंभरपर्यंत आकडे मोजायचे. माझं लग्न तसंच जमलं.” आई मात्र घरात शिरताच म्हणाली, “एवढी आवडली होती ती मुलगी, तर तिच्यासारखं वागायचं. तीच मी आहे म्हणून कशाला सांगत सुटायचं?”

आणि इथं सांगायला लाज वाटते, पण फौजदारनं ते केलं. आरशासमोर उभी राहून सलग चार दिवस तिनं अंगठ्याकडे बघायचा सराव केला. स्वतःचाच चेहरा आहे हे सिद्ध करण्यासाठी स्वतःच्याच चेहऱ्याची नक्कल. चौसष्टाच्या पुढे तिला एकदाही जाता आलं नाही, तोवर संतापानं डोळे आपोआप आरशाला भिडायचे. पाचव्या दिवशी ती पुन्हा तिसऱ्या खिडकीत गेली. कारकुनानं बराच वेळ निरखून बघितलं आणि म्हणाला, “गेल्या वेळी थोडं तरी होतं. आता तर अजिबातच नाही.”

तेव्हा मॅडमनी सूत्रं हातात घेतली. त्यांना एक भाची होती. त्यांनी भाचीला तिसऱ्या खिडकीसमोर उभं केलं. भाचीचं नाक वेगळं, हनुवटी वेगळी, कान तर सर्वस्वी वेगळे. पण भाची बिचारी सरकारी कचेरीत पहिल्यांदाच आलेली, तिनं घाबरून डोळे खाली घातले. कारकुनानं शिक्का मारला. फौजदारच्या चेहऱ्यासाठी भाचीचा ना-हरकत दाखला, आणि त्याचा मसुदा फौजदारनंच टाइप केलेला. मॅडमनी तसं सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी ती स्टूलवाल्याला भेटली. मॅडमनी वर्तमानपत्रातून त्याला निरोप धाडला होता, उद्घाटनाला या, तोंड दाखवा, पुढची वर्षभराची प्रदर्शनं आपण करू. भिंतीवरचं भिंतीवरच राहिलं पाहिजे, असं दोन वर्षं तावातावानं सांगणारा हा माणूस तो निरोप कापून, घडी घालून खिशात ठेवून बसला होता.

“हे आपल्यासाठीच आहे ना,” तो म्हणाला. “मग मला तुझ्या घरी येता येईल. सांगता येईल, मी कोण ते.”

“ये. मला काही म्हणायचं नाही. माझी एकच अट आहे. तिथं कुणीतरी विचारणारच, ही मुलगी कोण. तेव्हा माझ्याकडे बोट दाखवायचं. भाषण नको, काही नको. बोट.”

“एवढंच? दाखवीन की.”

“दाखवलं नाहीस तर संपलं. धमकी देत नाहीये, आधी सांगून ठेवतेय.”

“दाखवीन म्हटलं ना.”

शटर गॅलरीत आलं. मॅडमना ते जसंच्या तसं हवं होतं, रुळांसकट, वरच्या डब्यासकट, वर-खाली होणारं. फौजदारनं हातमोजे घालून, भिंग लावून त्याची अवस्था लिहिली. एकोणचाळीस पट्ट्या. सातवीवर गंज. तेवीस आणि चोवीसमध्ये पोचा. डोळ्यांपाशी आल्यावर तिनं लिहिलं, ‘मूळचाच दोष’, आणि ते खोडलं नाही. पाटीही तिनंच केली. कलावंताची ओळ भरली, व्यक्तीची ओळ कोरी ठेवली. मॅडम म्हणाल्या, कलावंत येऊन सांगेल ते लिहू. फौजदारनं पेन खिशात ठेवलं.

उद्घाटनाला आई आली, काकू आल्या, हेडक्लार्क काका प्रतिज्ञापत्राचा नमुना घेऊन आले. स्टूलवाला कडक इस्त्रीच्या शर्टात आला. मॅडमनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि ‘आपण पहिल्यांदाच भेटतोय’ म्हणाल्या. वर्षातून सहा वेळा तो त्यांच्याच भिंतींना रंग लावत होता. पण तेव्हा त्याच्या अंगात जाकीट असायचं.

टाळ्या झाल्या. मग एका वार्ताहरानं विचारलं, “ही मुलगी खरी आहे? कोण आहे ही?”

मॅडमनी हसून भाचीला पुढे ओढलं. भाचीनं डोळे खाली घातले. दहा-बारा फोन वर झाले.

स्टूलवाल्यानं भाचीकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं, फोनांकडे बघितलं. फौजदार त्याच्यापासून पाच पावलांवर होती. तिच्याकडे सोडून त्यानं सगळीकडे बघितलं.

“हो,” तो म्हणाला. “म्हणजे... अशीच कुणीतरी.”

“ती मी आहे,” फौजदार मोठ्यानं म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं, चित्राकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे बघितलं. काही जण शिष्टाचार म्हणून हसले. “अगं, काहीतरीच काय,” आई कुजबुजली. “चारचौघांत शोभा नको.”

फौजदार शटरपाशी गेली. वाकली, दोन्ही हातांनी खालची मूठ धरली आणि हिसका दिला. त्या आवाजानं एकाच्या हातातला ग्लास पडला. आधी डोळे वर गेले, मग ते जेमतेम हसू, मग हनुवटी, मग कॉलर, आणि मौनासकट सगळी मुलगी डब्यात गुंडाळली गेली. मागे उरली ती कोरी पांढरी भिंत, आणि भिंतीपुढे ही.

“आता सांग,” ती म्हणाली.

“आपण नंतर बोलू,” स्टूलवाला हलक्या आवाजात म्हणाला. “तू आत्ता चिडलेली आहेस.”

“मी चिडलेलीच असते. दोन वर्षांत एवढंही बघितलं नाहीस? वर बघ.”

तो आपल्या बुटांकडे बघत होता. तिनं वाट पाहिली. काकूंच्या पद्धतीनं मनात शंभरपर्यंत आकडे मोजले, आणि या वेळी ते सहज पुरे झाले. त्यानं मान वर केली नाही. मग तिनं पेन काढलं, पाटीवरच्या कोऱ्या ओळीत ‘कुणी नाही’ असं लिहिलं, हातमोजे मॅडमच्या हातात दिले आणि जिन्याकडे निघाली.

आई धापा टाकत मागोमाग आली. मधल्या वळणावर तिनं हिचा दंड धरला.

“खरं सांग. ती तूच होतीस?”

सात आठवडे ती याच प्रश्नाची वाट बघत होती. उत्तर अगदी तयार होतं, प्रतिज्ञापत्रावर करायचं तेवढं बाकी होतं.

“नाही,” ती म्हणाली. “ती मी नव्हतेच.”

“तेच म्हटलं मी. तुझे डोळे तसे नाहीत.” आई थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिली. “माझ्यावर गेलेत तुझे डोळे. आणि तो बुटका कोण?”

फौजदारच्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं म्हणा हवं तर. आईनं वर गॅलरीच्या दाराकडे बघितलं, पुन्हा लेकीकडे बघितलं, आणि तिला जे कळायचं ते कळलं. तिच्या कपाळावर दोन उभ्या आठ्या पडल्या.

“पिशवी धर,” ती म्हणाली.

“कुठे चाललीस?”

“वर. मला एकदा नीट बघू दे त्याच्याकडे.”

आणि आई कठड्याला हात न लावता जिना चढायला लागली.